'महावनें लावावीं', पण कुणासाठी? आपल्या साहित्यातला माणूस आणि निसर्ग

रामबागी (धागाकर्ता)

पाच जून आला की ज्ञानेश्वरीतली एक ओवी हमखास फिरायला लागते. 'नगरेंचि रचावीं । जळाशयें निर्मावीं । महावनें लावावीं । नानाविधें ॥' खाली हिरवं पान, पृथ्वीचा गोळा आणि 'माउलींनी सातशे वर्षांपूर्वी दिलेला पर्यावरणाचा संदेश' अशी ओळ. आमच्या घरच्या गटावर यंदाही आली, सगळ्यांनी हात जोडले आणि पुढे ढकलली.

आता जरा चौदावा अध्याय उघडून बघा. गीतेतल्या 'लोभः प्रवृत्तिरारम्भः' या श्लोकावरचं भाष्य चाललंय. रजोगुण वाढला की माणूस काय काय करायला उठतो, हा तिथला विषय. मोठाले प्रासाद उठवावेत, अश्वमेध करावा, नगरं वसवावीत, तळी बांधावीत, वनं लावावीत. लगेच पुढे येतं, 'ऐसैसां अफाटीं कर्मीं । समारंभु उपक्रमी'. एवढं करूनही हा पुरे म्हणत नाही, याच्या हावेपुढे समुद्रसुद्धा थिटा पडतो. वनं लावणं यादीत आहे खरं, पण यादी कसली आहे ते बघून घ्या.

मला यात नुसती गंमत दिसत नाही. निसर्गासाठी म्हणून केलेलं कामसुद्धा माणसाच्या मोठेपणाचं काम असू शकतं, हे तेराव्या शतकातल्या एका कोवळ्या वयाच्या कवीला दिसलं होतं. आणि आपल्या इंदूरला तर ते फारच लागू आहे. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लागली, गिनीजमध्ये नोंद झाली. महावन आणि समारंभ, दोन्ही एकाच दिवशी.

प्रश्न असा. आपल्या साहित्यात निसर्गाचं वर्णन पोत्यानं आहे. पावसाच्या कविता तर इतक्या की त्या पावसानं धरणं भरावीत. पण माणूस निसर्गाकडून काय घेतो आणि परत काय देतो, हा हिशेब कुठे लिहिलेला सापडतो? वर्णन नको, व्यवहार हवा. इंदूरकरांसाठी जोडप्रश्न: १९७८ पासून आपण नर्मदेचं पाणी पितोय, नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून आणलेलं. नर्मदेवरची पुस्तकं वाचताना हा नळ कुणाला आठवतो का?

लोटाभर_पोहे

काका, त्या ११ लाखांतली काही रोपं माझ्या हातची आहेत बरं का! ऑफिसनं बसमध्ये घालून नेलं होतं. खड्डे खणून तयार, हातात रोप दिलं, लावलं, माती दाबली, फोटो काढला, बूट चिखलानं भरून घरी.

रजोगुणी तर रजोगुणी. सत्त्वगुणी माणूस डोळे मिटून बसला असता आणि तमोगुणी झोपला असता. खड्डा शेवटी रजोगुणीच खणणार ना भिया? माउलींनी पाप कुठे म्हटलंय?

बाकी साहित्य वगैरे तुम्ही थोर लोक बोला, मी वाचतोय.

श्रावणसर

छान धागा. रामबागीकाका, तुम्ही इंदूरचे असून दुर्गाबाईंचं नाव घेतलं नाहीत? दुर्गा भागवत जन्मानं इंदूरच्या, १९१० च्या. हे आपल्याकडे पोहे-जिलेबीइतकं मिरवलं जायला हवं, पण अर्ध्या मराठी घरांना माहीत नसतं.

'ऋतुचक्र' (१९५६) पुन्हा काढून बसले आहे. तुम्ही वर्णन आणि व्यवहार असे दोन डबे केलेत, ते मला तितकं पटत नाही. दुर्गाबाई बघतात ते बघणं फुकटचं नाही. 'वसंतहृदय चैत्र' आमच्या मुलांना अभ्यासाला होता. त्यात पिंपळाची पालवी आहे, ती असणारच. पण त्यात कुंपणावरची घाणेरीसुद्धा आहे, आणि तिच्याकडे बाई तितक्याच मनापासून बघतात. जिच्या नावातच लोकांनी नाक मुरडलंय, तिच्या फुलांचे रंग निरखायला कुणी थांबतं, तेव्हा देणंघेणं सुरूच झालेलं असतं. लक्ष देणं हेही देणंच.

त्यांनी थोरोच्या 'वॉल्डन'चं मराठी केलं, 'वॉल्डनकाठी विचारविहार'. तळ्याकाठी राहणारा तो माणूस कर नाकारून एक रात्र तुरुंगातही गेला होता. आणि इकडे आणीबाणीत, १९७५ च्या कराडच्या संमेलनात, अध्यक्षपदावरून बाई सत्तेविरुद्ध बोलल्या, पुढे तुरुंगात गेल्या. झाडाची पालवी इतक्या बारकाईनं बघणारा माणूस खोटं चालवून घेत नाही, असं मला उगाच वाटत आलंय. पुरावा काही नाही.

तिरकस

लक्ष देणं हेही देणंच, हे वाक्य ऐकायला गोड आहे. झाडाला त्यानं पाणी मिळत नाही.

आणि घाणेरीचा विषय निघालाच आहे तर ऐका. ती इथली नाही, अमेरिका खंडातून बागेत लावायला आणलेली. आज आपल्याकडच्या जंगलात फिरा, सागाखालची सगळी जमीन तिनं धरलेली दिसेल. गवत उगवू देत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. वनखात्याचे लोक ती उपटून उपटून थकतात. दुर्गाबाईंना तिचे रंग दिसले, तिनं काय खाल्लं ते 'ऋतुचक्रा'त नाही. दोष देत नाही, तो ललित निबंध आहे. पण धागाकर्त्यांनी विचारलेला हिशेब हा नव्हे.

तसंच 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं'चं. दर वृक्षारोपणाला हा अभंग. शेवटपर्यंत वाचलाय कुणी? 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ॥' अभंग एकांताचा आहे. तुकोबा लोकांपासून पळून डोंगरावर गेलेत आणि स्वतःशी भांडतायत. झाडं त्या भांडणाला मिळालेली शांत खोली. त्यांना पर्यावरणवादी करू नका, ते त्याहून बरेच मोठे आहेत.

श्रावणसर

@तिरकस, खोली म्हणायची असती तर तुकोबांनी मठ म्हटलं असतं, गुहा म्हटलं असतं. ते सोयरे म्हणालेत. सोयऱ्याला लग्नात बोलवावं लागतं, त्याचा मान ठेवावा लागतो, रुसला तर समजूत काढावी लागते, त्याच्या घरचं सुतक आपल्याला येतं. एवढं ओझं असलेलं नातं त्यांनी झाडांशी जोडलंय. शेवटची ओळ एकांताची आहे हे मान्यच. पण पहिली तुम्ही फार स्वस्तात उडवलीत.

घाणेरीबद्दल मात्र काही बोलत नाही. आमच्या शेताच्या बांधावर आहे, काढून काढून हात सोलवटलेत.

निमाडचा_कापूस

फक्त वाचायला येतो इथे, आज लिहितोच.

आमची आजी हरसूदची. २००४ साली नर्मदेवरच्या इंदिरासागर धरणाच्या पाण्याखाली गेलं ते हरसूद. मी तेव्हा शाळेत होतो, सुट्टीत तिथे जायचो. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली, कारण विटा, कौलं, दारांच्या चौकटी नव्या जागी न्यायच्या होत्या. आजीनं देव्हारा आणला आणि तुळशीवृंदावनाचे दगड आणले. विहीर कशी आणणार?

इंदूरला कॉलेजात असताना मित्राकडून 'झाडाझडती' मिळाली. विश्वास पाटलांची ती गोष्ट सह्याद्रीतल्या धरणाची आहे, आमच्या निमाडाची नाही. पण पहिल्या पन्नास पानांतच मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसलो. मोजणीला आलेली माणसं, यादीतून गळलेली नावं, भरपाईच्या पैशावर टपलेले ओळखीचेच लोक, नव्या वसाहतीतली मुरमाड जमीन. हे सगळं मी कापूस आणि मिरची पिकवणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं होतं. १९९२ चा साहित्य अकादमी मिळालाय त्या कादंबरीला, पण निसर्गसाहित्याच्या यादीत तिचं नाव कुणी घेत नाही. का, तर तिच्यात पक्षी गात नाहीत.

काका, तुम्ही हिशेब विचारलात. माझ्या मते निसर्गावरचं सगळ्यात खरं मराठी पुस्तक हे, कारण नदी अडवली की ती अडवण्याची किंमत कोण भरतो ते त्यात नावानिशी येतं. नदी आणि माणूस असे दोनच पक्ष नसतात. एक पाणी पिणारा माणूस असतो आणि एक पाण्याखाली जाणारा. दोघांनाही 'मानव' म्हणून एका वाक्यात बसवलं की लिहिणाऱ्याची सोय होते.

जोडप्रश्नाचं उत्तर: इंदूरच्या नळाला तोंड लावताना मला आठवतं. रोज नाही, पण आठवतं.

रामबागी

@निमाडचा_कापूस, या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं म्हणेन. लिहीत जा.

@लोटाभर_पोहे, पाप म्हटलेलं नाही हे बरोबर. पण रजोगुणाची खोड तिथेच सांगितली आहे: आरंभ फार, मग पुढच्या आरंभाकडे धाव. रोप लावण्याला एक दिवस लागतो, जगवायला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. मालव्यातला मे महिना तुम्हाला मी सांगायला नको.

गंभीरा

माझं सदस्यनामच एका नदीचं आहे म्हणून लिहायला हवं.

वर सगळे मराठीपुरते बोलतायत. इंदूर-उज्जैनच्या माणसानं या विषयात 'मेघदूत' सोडून कसं चालेल? यक्षाचा मेघ आपल्या अंगणावरून गेलाय. रेवा म्हणजे नर्मदा, वेत्रवती म्हणजे बेतवा, निर्विंध्या, शिप्रा, गंभीरा, मग चर्मण्वती म्हणजे चंबळ आणि दशपूर म्हणजे मंदसौर. संस्कृत अवघड वाटत असेल तर शांता शेळके, कुसुमाग्रज, बोरकर, चिंतामणराव देशमुख, ज्यांचा हवा त्यांचा मराठी अनुवाद घ्या.

रामबागींनी विचारलेला व्यवहार तिथे अगदी रोकडा आहे. मेघाला आम्रकूट पर्वत डोक्यावर घेईल असं यक्ष सांगतो, आणि कारणही देतो: तू त्याच्या रानातला वणवा पावसानं विझवला आहेस. आधी उपकार केलेला मित्र दारात आला तर क्षुद्र माणूससुद्धा तोंड फिरवत नाही, मग इतका उंच पर्वत कसा फिरवेल? (आम्रकूट म्हणजे अमरकंटक असं बरेच जण मानतात, नर्मदेचं उगमस्थान.) पुढे रेवेवर आलास की पाऊस पाडून रिकामा हो आणि मग तिचं पाणी घेऊन निघ, असं सांगितलंय. आधी दे, मग घे. थकलास तर नद्यांचं हलकं पाणी पी.

आणि हे सगळं भाबडेपणातून आलेलं नाही. सुरुवातीलाच कवी बजावतो की मेघ म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा गोळा, तो कसला निरोप नेणार? प्रेमानं व्याकुळ झालेल्याला सजीव-निर्जीव कळत नाही, म्हणून यक्ष त्याच्याशी बोलतोय. ढग म्हणजे काय ते कालिदासाला नीट ठाऊक आहे, आणि तरी तो त्याला 'तू' म्हणतो.

आता गंभीरा. उज्जैननंतर मेघ तिच्यावर येतो. तिचं पाणी प्रसन्न मनासारखं निर्मळ, 'चेतसीव प्रसन्ने'. ही गंभीर नदी आपलीच. हातोदच्या बाजूला तिच्यावरच यशवंतसागर बांधलाय, होळकरांच्या काळात. नर्मदा येण्याआधी इंदूरची तहान मुख्यतः त्यावर भागायची. २०२२ मध्ये त्याला आणि सिरपूर तलावाला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. मी हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला जातो. सारस दिसतात. मध्य भारतात सारसांच्या ज्या मोजक्या भरवशाच्या जागा उरल्यात त्यांत यशवंतसागर धरतात. मेघदूतात पहाटेचा शिप्रावारा सारसांचं कूजन लांबवर पोचवतो, तो श्लोक आठवा. शिप्रेकाठी आज पहाटे काय ऐकू येतं ते उज्जैनवाले सांगतील. पण त्या सारसांचे भाईबंद शिप्रेच्याच उपनदीवर, एका माणसानं बांधलेल्या तलावात टिकून आहेत.

आणि म्हणून रामबागी, तुमच्या ओवीबद्दल माझी थोडी तक्रार आहे. 'जळाशयें निर्मावीं' हा रजोगुण असेल, होळकरांनाही तलाव बांधताना सारस डोळ्यांसमोर नव्हते, शहराचं पाणी होतं. तरी सारस आले. हाव कुणाची आणि फळ कुणाला, हे बांधणाऱ्याच्या मनावरून ठरत नाही.

कोथरूडी

पुण्यातून डोकावतोय. @गंभीरा, कालिदासाची गंभीरा हीच, हे नक्की मानतात का? भावनेच्या भरात आपण सगळे आपल्या गावची नदी पुराणात घुसवतो.

गंभीरा

शंका रास्त. इथे क्रम उपयोगी पडतो. उज्जैन, गंभीरा, देवगिरी, चर्मण्वती, दशपूर असा मेघाचा रस्ता आहे. उज्जैनहून मंदसौरकडे निघालात तर गंभीर ओलांडावीच लागते, आणि नावही तेच टिकलंय. अभ्यासकांमध्ये देवगिरी कुठला यावर खल आहे, गंभीरेवर फारसा नाही.

तिरकस

कालिदासाच्या वाटेवरची अजून एक नदी राहिली. ती त्याच्या काव्यात नाही, कारण तेव्हा तिच्या काठी इंदूर नव्हतं. कान्ह उर्फ खान. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभं राहून रुमाल नाकाला न लावता जिचं सौंदर्य बघता येत नसे ती. आपण नर्मदेचं पाणी वर चढवून आणतो, वापरतो, आणि मग ते खानमधून उज्जैनला शिप्रेत जातं. तिथे सिंहस्थात लोक पुण्यासाठी बुडी मारतात. म्हणून मग खानचं पाणी शिप्रेला चुकवून बाजूनं न्यायला कोट्यवधींची कामं, आणि शिप्रेत पाणी दिसावं म्हणून २०१४ पासून पुन्हा नर्मदाच तिच्यात सोडायची. एकाच नदीला दोनदा उपसायचं.

मेघदूतात आधी दे, मग घे. आपण घेतो आणि जे देतो ते सांगण्यासारखं नाही. यावर मराठीत कादंबरी का नाही? बृहन्महाराष्ट्रातले लेखक अजून पुण्या-मुंबईला काय आवडेल ते लिहितात, म्हणून नाही. (मारा दगड.)

लोटाभर_पोहे

दगड नाही मारत, पण आता छत्र्यांपाशी तेवढा वास येत नाही हं. बरंच काम झालंय. स्वच्छतेत २०१७ पासून पहिला नंबर उगाच नाही.

तिरकस

म्हणूनच 'येत नसे' लिहिलंय. व्याकरण बघा की!

कोथरूडी

अमिताव घोष यांचं 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) कुणी वाचलंय का? त्यांचा प्रश्न असा की हवामान बदलतंय, पूर-वादळं दारात आलीत, आणि तरी गंभीर साहित्यिक कादंबरीत ते का येत नाही? असली घटना आली की ती विज्ञानकथेत ढकलली जाते. मला हे मराठीला कितपत लागू आहे याबद्दल शंका आहे. आपल्याकडे पाऊस न येणं ही कादंबरीतली नेहमीचीच घटना आहे. सदानंद देशमुखांची 'बारोमास' घ्या, २००४ चा अकादमी. शेतकऱ्याच्या घरात आभाळाकडे बघणं हा रोजचा उद्योग असतो, त्याला वेगळं 'पर्यावरण' म्हणावं लागत नाही. घोष यांनी विचारलेला प्रश्न शहरी मध्यमवर्गीय कादंबरीचा आहे. ग्रामीण साहित्य आपण वेगळ्या फडताळात ठेवलं आणि मग म्हणतो की निसर्ग कुठे आहे.

निमाडचा_कापूस

+१. फडताळाचं अगदी खरं.

नर्मदेच्या पुस्तकांबद्दल विचारलं होतंत, त्यावर थोडं. परिक्रमेची पुस्तकं आमच्या घरी खूप. गोनीदांचं 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वडिलांचं लाडकं, मग जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' सगळ्या वाड्यात फिरलेलं. मी ती वेगळ्या कारणासाठी वाचतो. परिक्रमेत नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, मिळेल ते सदावर्त खायचं. त्यामुळे चालणाऱ्याला काठ न् काठ बघावा लागतो. शूलपाणीची झाडी, तिथे भिल्ल लंगोटीपर्यंत सगळं काढून घेतात हे वर्णन जुन्या प्रत्येक परिक्रमावाल्याकडे असतं. आता त्या झाडीतली जुनी वाट बरीचशी सरदार सरोवराच्या पाण्यात आहे, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही बुडालं, नवं वर बांधलं. ज्यांनी भक्तीसाठी लिहिलं त्यांच्या हातून बुडालेल्या काठांची नोंदवही तयार झाली.

पण नळ त्यांत नाही, काका. नर्मदा तिथे मैया आहे, आणि आईला मीटर बसवत नाहीत. वाचणाऱ्याला बरं वाटतं, कारण मैया सगळं पोटात घालते. मला त्या बरं वाटण्याचाच राग येतो.

श्रावणसर

राग येऊ दे, पण भक्ती काढून घेतली तर त्या नदीसाठी रस्त्यावर येणारे अर्धे लोक घरी बसतील हेही बघा. १९७० मध्ये इंदूरला नर्मदा आणा म्हणून आंदोलन झालं, त्यात आमचे आजोबा होते. त्यांना पाणी हवं होतं आणि मैयाही घरी यायला हवी होती. दोन्ही खरं होतं. पहिलं पाणी नळाला आलं तेव्हा आजीनं हळदकुंकू वाहिलं होतं म्हणे.

दुर्गाबाईंबद्दल एक राहिलं. इकडच्याच मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये अभ्यासासाठी हिंडताना त्यांच्या खाण्यात विषारी सुरण आला आणि पुढे काही वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या, पीएच.डी. तशीच सुटली. 'ऋतुचक्र' त्यानंतरचं आहे. रान काय करू शकतं ते अंगावर झेललेली बाई रानफुलांवर लिहिते आहे. @तिरकस, हा हिशेब पुस्तकात लिहिलेला नाही, पण पुस्तकाच्या मागे आहे.

तिरकस

हे माहीत होतं, असं जोडून पाहिलं नव्हतं. ठीक. घाणेरी तुम्हाला माफ.

गंभीरा

व्यंकटेश माडगूळकरांचं कुणी नावच काढलं नाही म्हणून! 'सत्तांतर' (१९८३ चा अकादमी). वानरांच्या टोळ्या, हुप्प्याची सत्ता जाते, नवा येतो आणि आधीच्या नराची पिलं मारतो. अनेक जण ते राजकारणाचं रूपक म्हणून वाचतात. वाचा, लेखकानं दार उघडं ठेवलंय. पण माझा आग्रह असा की एकदा तरी ते वानरांचं पुस्तक म्हणून वाचा. वानर म्हणजे पुढारी असं ठरवलं की पुस्तकातले वानर संपले, पुन्हा आपणच उरलो. माडगूळकर महिनोन्महिने जंगलात बसून टिपणं काढणारे, चित्रं काढणारे गृहस्थ. पिलू मारलं जातं तिथे त्यांनी हळहळ ओतलेली नाही, आणि क्रूर क्रूर म्हणून ओरडाही केलेला नाही. मराठीत हे फार थोड्यांना जमलंय.

मारुती चितमपल्लींचं वेगळं. ते वनखात्यात नोकरी करत रानात राहिले, पारध्यांकडून, आदिवासींकडून ऐकलेलं लिहीत गेले. त्यातलं काही शास्त्राला पटतं, काही दंतकथा वाटतं, आणि ते दोन्ही एकाच सुरात सांगतात. पक्षिनिरीक्षक म्हणून मला कधीकधी चिडचिड होते. तरी 'रानवाटा' मी कुणाला परत केलेलं नाही. गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, ते गेले. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती.

पिपल्यापाला

अवांतर: कुणी पुस्तकांच्या बाहेर बघणार का? देवासच्या टेकडीखाली कुमार गंधर्वांनी 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' बांधले. मालव्यातल्या बायका शेतात, जात्यावर, लग्नात जे गात होत्या ते त्यांनी आजारपणात अंथरुणावरून ऐकलं. ऋतू हा विषय शहरातल्या रंगमंचावर आला तो या लोकगीतांचं बोट धरून. 'डग डग रोटी, पग पग नीर' ही मालव्याची म्हण तेव्हा बऱ्यापैकी खरी होती. आता बोअर किती खोल न्यावी लागते ते आमच्या सुदामानगरात विचारा. त्या गाण्यांत जो पाऊस आहे तो साठवणारी जमीन आता सिमेंटखाली आहे. साहित्याचा हिशेब झाला, संगीताचाही कुणीतरी मांडा.

रामबागी

@पिपल्यापाला, त्याला वेगळा धागा हवा, काढाच. मी येतो.

@गंभीरा, तुमची तक्रार दोन दिवस डोक्यात घोळतेय. सारस आले हे खरं. पण होळकरांच्या तलावावर सारस टिकले ते बांधल्यामुळे एवढंच नव्हे, तर नंतर बरीच वर्षं त्या काठाला कुणी फारसा हात लावला नाही म्हणून. उथळ पाणी, काठची शेतं, वर्दळ कमी. रजोगुणानं तलाव दिला आणि नंतरच्या दुर्लक्षानं पाणथळ दिली. आता रामसरचा दर्जा आला, म्हणजे फलक येणार, बोटी येणार, सेल्फी पॉइंट येणार. माउलींची पुढची ओवी मला आता जास्त खरी वाटते.

गंभीरा

बोटींची भीती मलाही आहे. पण दुर्लक्षाला इतकं गोंजारू नका, दुर्लक्षातच लोक काठची जमीन बळकावतात. दर्जा आहे म्हणून निदान तक्रार करायला कागद आहे.

लोटाभर_पोहे

एवढं सगळं वाचून माझी भाची म्हणते तिलाही यातलं काही वाचायचंय. नववीत आहे, इंग्रजी शाळा, मराठी घरी बोलते पण वाचते अडखळत. 'ऋतुचक्र' देऊ का?

श्रावणसर

नको! ती भाषा आता मोठ्यांनाही दमवते. ते पुस्तक पंचविशीनंतर.

गंभीरा

माडगूळकर द्या. 'सत्तांतर' लहानसं आहे, वाक्यं छोटी, शब्द बोलण्यातले. पिलं मरतात, तेवढं आधी सांगून ठेवा.

निमाडचा_कापूस

'माचीवरला बुधा'पण. मुंबईच्या गिरणीतून सुटलेला म्हातारा राजमाचीला जाऊन राहतो, एवढीच गोष्ट. माझ्याकडे जास्तीची प्रत आहे, राजेंद्रनगरला येऊन घेऊन जा. वाचून झाली की परत हवी मात्र.